सोमवारचा घाणा

बीडात एक कारखाना असा होता की तिथं सगळा माल काळा निघायचा आणि मालक रोज पांढऱ्याशुभ्र धोतरात यायचे. संध्याकाळी घरी जाताना धोतर तसंच पांढरं. आम्ही मात्र घरी जाऊन नाक शिंकरलं तरी रुमालावर काजळी यायची. मी तिथं अकरा वर्षं काजळी घोटली. माझी शाळा गावातली, सातवीपर्यंत. पण जिची गोष्ट सांगायला बसलोय तिनं त्या कारखान्यात मला इतकं रसायनशास्त्र शिकवलं, की आज कुणी तो विषय काढला की मी आधी खुर्ची ओढून जवळ घेतो. घरातले मग हळूच उठून जातात, ते वेगळं.

तिचं नाव शिवकन्या. पाटोद्याची. वडलांचं तिथं किराणा दुकान. ती कारखान्यात आली चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये. पण तिच्या आधी कारखाना सांगावा लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, रसायन शिकलेली पोरगी बीडात करत काय होती.

मालक कल्याणआप्पा. घराणं कापडाच्या व्यापारातलं, पण आप्पांना यंत्राचं वेड. अठ्ठ्याऐंशी साली गावाबाहेर पत्र्याची शेड टाकली, आईचं नाव दिलं, 'कावेरी काँपोनंट्स', आणि रेडिओ-टेपच्या आवाजाची बटणं बनवायला लागले. आवाज लहानमोठा करायला आपण जे बटण फिरवतो ना, त्याच्या पोटात घोड्याच्या नालाच्या आकाराची एक चकती असते. त्या चकतीवर काळ्या शाईचा पट्टा. बटण फिरलं की एक बारीक पत्र्याची जीभ त्या पट्ट्यावरून सरकते आणि त्याप्रमाणं आवाज चढतो, उतरतो. सगळी करामत त्या काळ्या पट्ट्याची. ती शाई मी बनवायचो. काजळी, राळ आणि थिनर एका पिंपात घालायचं, त्यात चिनीमातीचे गोळे सोडायचे आणि पिंप विजेवर दोन दिवस गडगडा फिरवायचं. तेलाच्या घाण्यासारखं काम म्हणून आम्ही त्या प्रत्येक खेपेला घाणाच म्हणायचो. आठवड्याला तीन घाणे उतरायचे. उतरलेली शाई छबुबाई आणि तिच्या हाताखालच्या बायका रेशमी जाळीतून चकत्यांवर छापायच्या, मग चकत्या भट्टीत भाजायच्या. तीस बायका होत्या. त्या पिंपाचा गडगड आवाज अजून कधी दुपारी डोळा लागला की कानात येतो, आणि जाग आली की समजतं, वर कुणीतरी पाण्याची टाकी भरतंय.

सगळा माल पुण्याच्या एकाच कंपनीला जायचा. पहिली चार वर्षं बरी गेली. रेडिओ थोडा खरखरला तर लोक त्याला एक चापट मारायचे आणि पुढची बातमी ऐकायचे. पण एक्क्याण्णवनंतर बाहेरचा माल यायला लागला. बाजारात बाहेर देशचे टेप दिसायला लागले. त्यांचं बटण फिरवलं तर लोण्यातून बोट फिरवल्यासारखं. मग पुण्याच्या कंपनीला आमची खरखर ऐकू यायला लागली. पत्रामागून पत्र. परत आलेल्या नगांची खोकी शेडच्या कोपऱ्यात छताला लागली. शेवटी आप्पांनी औरंगाबादेत चौकशी केली आणि ही पोरगी नोकरीवर घेतली.

ती आली तेव्हा कपाळावर भस्माच्या तीन बारीक रेघा, खांद्याला पिशवी, हातात डबा. छबुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "ही काजळीचं काम करणार? हिच्या आईनं हिला डोळ्यात काजळ बी हातानं घालू दिलं नसंल."

पोरगी थांबली. म्हणाली, "न्हाईच घालू दिलं मावशी. म्हणून तर शिकायला आले."

छबुबाई वाकड्या तोंडाची होती, पण पलटून दिलेलं तिला आवडायचं. त्याच दुपारी तिनं पोरीच्या डब्यात स्वतःचं धपाटं टाकलं.

दुसऱ्या दिवशी शिवकन्याताई माझ्याकडं आली. हातात शंभर पानी वही. पिंपाला एक फेरी मारली, झाकण उघडून वास घेतला, आणि विचारलं, "मामा, आत काय काय टाकता?"

"काजळी टाकतो, राळ टाकतो, थिनर टाकतो."

"आणखी काही?"

"आणखी काई टाकत न्हाई. आईची आण."

"नीट आठवून सांगा."

"ताई, मी सातवी पास हाय. पण तीनपर्यंत मोजता येतंय मला."

ती हसली आणि वहीत तीन ओळी लिहून घेतल्या. हे बोलणं ध्यानात ठेवा. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो, आणि तरी सगळा घोळ तिथंच होता.

पहिल्या महिन्यात तिनं भट्टी सुधारली. वीज कमीजास्त व्हायची, त्यानं पट्टे कुठं कच्चे राहायचे, कुठं जळायचे. तिनं भट्टीला वीज एकसारखी ठेवणारं यंत्र बसवायला लावलं आणि आप्पांनी ते बिनतक्रार बसवलं. खरखर निम्म्यावर आली. आप्पांनी पेढे वाटले. पण ऑगस्टात पुण्याचे साहेब स्वतः आले. टेबलावर आमचं एक बटण ठेवलं, शेजारी बाहेर देशचं एक ठेवलं. म्हणाले, "दसऱ्याच्या आत पाचशे नग पाठवा. आम्ही प्रत्येक नग दहा हजार वेळा फिरवणार. एकातही खरखर निघाली नाही तर पुढचं कंत्राट तुमचं. निघाली तर माफ करा आप्पा, आम्ही बाहेरून मागवू."

साहेब चहा न पिता गेले. आप्पा बराच वेळ ते परदेशी बटण बोटांत फिरवत बसले. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ते कंत्राट गेलं तर शेडला कुलूप, हे शेडमधल्या झाडूला सुद्धा कळलं. ताईला जास्तच कळलं. काजळीच्या शाईवर काम करायची नोकरी बीडात दुसरी कुठं होती? तिच्या वडलांनी 'कारखाना चालू आहे तोवर कर' एवढंच म्हटलं होतं.

मग तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कोपऱ्यातली सगळी खोकी खाली ओतली. प्रत्येक नगावर घाण्याचा नंबर छापलेला असायचा. तिनं शेडभर सतरंज्या अंथरल्या आणि नंबराप्रमाणं नगांचे ढीग लावले. आम्ही सगळे ढिगांच्या मधून पाय उचलून चालायचो. दोन दिवसांनी तिनं मला ओढत नेलं. "मामा, नुसतं बघा. काही दिसतंय?"

दिसत होतं. एक ढीग गुडघ्याइतका, मग दोन ढीग मूठभर. पुन्हा एक गुडघ्याइतका, दोन मूठभर. दर तिसरा घाणा वाईट.

"कोणत्या वारी उतरतो हा?" तिनं विचारलं.

मी माझ्या घाण्यांच्या वहीत बघितलं. "सोमवारी."

तिला वाटलं, रविवारी सुट्टी, पिंप बंद, काजळी तळाशी बसत असणार. झालं. मी तीन रविवार कारखान्यात येऊन हातानं पिंप फिरवलं. दंड असे भरून आले की सोमवारी जेवताना भाकरी मोडवेना. सोमवारचा घाणा तसाच खरखरला.

मग तिनं आप्पांना सांगून एक जुनं सूक्ष्मदर्शक आणवलं. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. छबुबाई म्हणायची, ताईची नळी. ताईनं मला आधी चांगला पट्टा दाखवला. काळ्या मातीचं नांगरलेलं, वखरलेलं रान असतं ना, तसा. "मामा, काजळीचा एक कण इतका लहान असतो की तो या नळीतून सुद्धा दिसत नाही. आपल्या केसाच्या रुंदीत असले दोन हजार शेजारी शेजारी मावतील. तुम्ही दोन दिवस घोटता ते त्यांच्या गुठळ्या फोडायला." मग तिनं सोमवारचा पट्टा ठेवला. त्याच काळ्या रानात पांढरे धोंडे. चार, पाच, सात.

"जीभ सरकताना या धोंड्यावर आपटते," ती म्हणाली. "तीच खरखर."

आणि मग ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडाकडं. मी तंबाखू मळत होतो. तळहातावर चुना होता.

मला समजलं. मी चंची तिच्या टेबलावर ठेवली, चुन्याची डबी वर ठेवली, आणि म्हणालो, "ताई, तीन आठवडे खात न्हाई. बघू."

ते तीन आठवडे कसे गेले ते मला विचारा. दातांना काम नाही म्हणून मी नखं खाल्ली, बडीशेप खाल्ली, एकदा तर खडूचा तुकडा चावला. भिवराबाईनं, म्हणजे आमच्या घरच्यांनी, सव्वा किलो साखर देवीला बोलली. छबुबाई येता-जाता म्हणायची, "धोंडीबानं तंबाखू सोडली. आता कारखाना बुडंल न्हाई तर काय." आणि सोमवारचा घाणा? खर्र. तसाच.

चौथ्या मंगळवारी ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे खाली. "मामा, माझी चूक झाली. जे आधी करायचं ते मी शेवटी केलं." तिनं सोमवारची शाई एका मुशीत घालून लाल होईस्तोवर जाळली होती. काजळी जळून गेली, राळ जळून गेली, तळाला पांढरं उरलं. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. "चुना असता तर विरघळला असता. हा तसाच बसलाय. आणि बुधवारची शाई जाळली तर मूस स्वच्छ, काही उरत नाही. ही कसली तरी राख आहे मामा. तुमच्यावर मी उगाच संशय घेतला."

"मग तंबाखू खाऊ का?"

"खा. पण बाहेर जाऊन."

मी बाहेरच होतो तिचं वाक्य संपेपर्यंत.

आता राख कुठली? छबुबाईची शेगडी तपासली, वॉचमनच्या बिडीवर बंदी आली, पलीकडच्या शेतात पाचट पेटवलं तर ताई वाऱ्याची दिशा बघत उभी राहायची. दसरा पंधरा दिवसांवर आला.

तेवढ्यात आप्पांना माजलगावला जावं लागलं. नात्यात मयत झाली होती. त्या सोमवारी घाणा उतरायची वेळ झाली. मी पिंप थांबवलं, शाई मोठ्या पातेल्यात ओतली, जाळीतून गोळे वेगळे केले आणि झाकण हातात धरून उभा राहिलो. ताई तिथंच वहीत काहीतरी लिहीत होती. मी दोन मिनिटं थांबलो, चार मिनिटं थांबलो. शेवटी म्हणालो, "ताई, आप्पा तर न्हाईत. आज भस्म कोण वाहणार? तुमीच वाहता का? तुमी बी भस्म लावणाऱ्यातल्याच की."

तिचं पेन वहीवरच थांबलं. "कुठं वाहणार?"

"घाण्यात. आप्पा वाहतात की दर सोमवारी. कपिलधारच्या देवळातनं आणलेलं."

"शाईत?"

"मग? देवाच्या पाया पडून सरळ हितंच येतात. चिमूटभर वाहतात, नमस्कार करतात, मग मी झाकण लावतो."

"मामा," ती अगदी सावकाश म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं. आत काय काय टाकता म्हणून."

"हो. आन् मी सांगितलं की. तीन जिन्नस."

"आणि भस्म?"

मला तिचा प्रश्नच कळेना. "ताई, भस्म कुणी टाकतं का? भस्म वाहतात."

ती रिकाम्या खोक्यावर बसली. आधी हसली. इतकी हसली की छबुबाई जाळी सोडून बघायला आली. मग हसता हसता तिचा हात कपाळाकडं गेला, स्वतःच्या रेघांवर, आणि तिथंच थांबला. "तुमचं बरोबर आहे मामा," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं असतं तरी मीही 'टाकतात' म्हटलं नसतं."

त्या सोमवारी भस्म वाहिलं नाही. त्या घाण्याचे नग आम्ही मोटारीवर लावून दहा हजार वेळा फिरवले. ताई कानाला हेडफोन, आम्ही त्याला भोंगे म्हणायचो, ते लावून बसली. काही नाही. नुसती शांतता. खरं म्हणजे आम्ही नाचायला पाहिजे होतं. पण ताई भोंगे काढून बसून राहिली आणि म्हणाली, "आता आप्पांना कोण सांगणार?"

कारण गोष्ट अशी होती. आप्पांनी हे भस्म वाहायला सुरुवात केली होती ती तक्रारी आल्यावरच. बाहेरचा माल आला, पुण्याची पत्रं सुरू झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं की कारखान्यावर देवाचा हात पाहिजे. आणि जितकी तक्रार वाढली तितकी त्यांची चिमूट मोठी होत गेली. माझ्या डोळ्यांदेखत झाली. मी झाकण धरून उभा असायचो ना.

माजलगावहून आल्या आल्या आप्पा म्हणाले, "येत्या सोमवारचा घाणा पुण्याचा. त्यात चिमूट न्हाई, मूठभर वाहायचं. बघू कशी खरखर राहती ते."

मी ताईला बाजूला घेतलं. "ताई, माझं ऐका. आप्पाला एक घाणा दाखवू, त्यात वाहू दे. पुण्याचा घाणा मंगळवारी गुपचूप उतरवू. कुणाला कशापायी सांगायचं?"

"आणि पुढच्या सोमवारी मामा? आणि त्याच्या पुढच्या?"

"तवाचं तवा बघू."

"नाही. आप्पांच्याच कारखान्यात आप्पांपासून चोरून शाई करायची? मला नाही जमणार."

शनिवारी दुपारी तिनं आप्पांना दुर्बिणीपाशी बसवलं. मी दाराशी होतो. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, नळीला डोळा लावला. "चांदण्या दिसतात की गं."

"आप्पा, ते भस्म आहे. तुम्ही वाहिलेलं."

आप्पांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "प्रत्येक नगात पोचलंय? ह्या एवढ्याशा चकतीत बी? म्हणजे माझी सेवा वाया न्हाई गेली पोरी. पुण्यापतोर गेली."

ताईनं त्याच घाण्यातला एक नग उचलला, टेबलावरच्या मोठ्या भोंग्याच्या तारा जोडल्या आणि बटण हळूहळू फिरवलं. खर्र. थोडं पुढं. खर्र. "आप्पा, आत्ता जीभ एका चांदणीवर गेली. ही दुसरी. आता तिसरीवर जाईल." खर्र.

आप्पा ऐकत होते. तिनं मागच्या सोमवारचा नग जोडला. भस्म न वाहिलेला. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. काही नाही.

"हे माझ्यामुळं?" आप्पांनी विचारलं.

"भस्माच्या बारीक खड्यांमुळं, आप्पा."

"ते कोण वाहत होतं? मीच ना. दोन वर्सं." ते उठले. चप्पल घालायला वाकले तर उजवीत डावा पाय घातला. मी पुढं झालो, त्यांनी हातानंच थांबवलं. धोतराचा सोगा धरून ते गाडीकडं गेले.

ताई खाली बसली. "मी म्हाताऱ्या माणसाचं काय केलं हे मामा? कारखाना वाचला तरी आता त्यांना तो नको होईल."

"उगा काईबी बोलू नका," मी म्हणालो. पण मलाही तेच वाटत होतं. रविवारी आप्पांचा निरोप नाही, काही नाही.

सोमवारी सकाळी सगळे लवकर आले. बायका जाळ्या मांडून बसल्या. पिंप थांबलेलं. मी झाकणाला हात लावला नव्हता. नेहमीच्या वेळेला आप्पांची गाडी आली. कपिलधारहूनच आले होते. तिथल्या धबधब्यानं धोतराचा काठ ओला होता, कपाळावर ताजे पट्टे, हातात भस्माची पितळी डबी. बायकांचे हात जाळ्यांवरच थांबले. छबुबाई सुद्धा गप्प, म्हणजे बघा.

आप्पा दारात थांबले. आत आले नाहीत. बाहेर नळ होता, तिथं गेले. डबी चौथऱ्यावर ठेवली. बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. उपरण्यानं पुसलं. आप्पांचं कपाळ आम्ही कधी उघडं बघितलंच नव्हतं. सगळ्या चेहऱ्याला ऊन लागलेलं आणि तेवढी तीन बोटं जागा गोरी, लहान पोराच्या कपाळासारखी.

"पोरी, हिकडं ये," त्यांनी हाक मारली. ताई गेली. "तू ते पांढरं कसं शोधलंस म्हणालीस?"

"शाई जाळली आप्पा. सगळं जळून जे उरलं ते."

"हां. माझ्या आज्यानं मला हेच सांगितलं होतं. भस्म म्हणजे काय, तर सगळं जळून गेल्यावर जे उरतं ते. ते खोटं बोलत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "मला बी बोललं ते, खरखर करून. मी दोन वर्सं ऐकलंच न्हाई. चल, तू बी धू."

तिनं कपाळ धुतलं. मी धुतलं, माझ्या कपाळावर काही नव्हतं तरी. आप्पांनी पितळी डबी नळामागच्या दगडी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासनं आत येताना धुवायचं. घरी जाताना लावायचं."

छबुबाईला राहवलं नाही. "आन् माझं कुंकू आप्पा?"

"ते बी. येताना पुसायचं, जाताना लावायचं."

"नवऱ्याला काय सांगू?"

"सांग, लई बारीक कामावर हाय म्हणून."

बायका हसल्या आणि शेड पुन्हा चालू झाली. मी घाणा उतरवला. आप्पा पातेल्यापाशी आले, रिकामे ओले हात जोडले आणि मागं सरकले. मी झाकण लावलं.

दसऱ्यानंतर पुण्याचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, ताईनं वाचून सांगितलं. पाचशेपैकी एकातही खरखर नाही, कंत्राट चालू. आप्पांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकलं.

पुढं कारखाना पाच वर्षं चालला. मग बंद पडला, पण खरखरीनं नाही. रिमोटवाले टीव्ही आले, दाबायची बटणं आली, फिरवायचं बटणच गेलं. शेवटच्या दिवशी आप्पांनी पिंप स्वतःच्या हातानं धुतलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं धोतर काळं झालं. आज आप्पा नाहीत. शेडच्या जागी सिमेंटचं गोदाम आहे, पण नळामागची ती भिंत आणि तो कोनाडा अजून आहे. मी तिकडून जाताना बघतो.

ताई पुण्याला एका प्रयोगशाळेत लागली. तिथं तिनं चांदीची शाई केली, यंत्रांच्या पातळ पट्ट्यांवर छापायची. एकदा, दोन हजार तीन-चार असेल, ती आमच्या घरी आली. केस कानापाशी पांढरे झालेले, पण वही तीच, शंभर पानी. म्हणाली, "मामा, आता या कामाला नवीन नाव आलंय. नॅनो. केसाचे हजारो भाग करायचे, एवढ्या मापाचं काम."

"म्हंजे आपण घोटत होतो तेच?"

"तेच. ती काजळी नॅनोच होती. फक्त तेव्हा कुणी तसं म्हणत नव्हतं."

मी भिवराबाईला हाक मारून सांगितलं, की बीड जिल्ह्यातला पहिला नॅनो कामगार तुझ्या घरात आहे. ती म्हणाली, तो कामगार आधी पाय धुऊन आत येईल तर बरं.

ताईला मी विचारलं, "तिकडं प्रयोगशाळेत काय करता, भस्माचं?"

"आत जाताना टोपी, कोट, हातमोजे, अंगावरची धूळ उडवणाऱ्या वाऱ्याच्या खोलीतून जावं लागतं. मी त्याच्या आधी कपाळ धुते. संध्याकाळी बाहेर आले की पिशवीतून डबी काढून लावते. पोरं विचारतात, मॅडम हे काय? मी सांगते, आमच्या कारखान्याची पद्धत आहे."

माझ्याकडं अजून एक जुना रेडिओ आहे. त्याचं बटण मी स्वतः बसवलेलं, परत आलेल्या खोक्यातलं, त्या दोन वर्षांतल्या कुठल्यातरी सोमवारच्या घाण्यातलं. नातू म्हणतात, आजोबा, बटण बदला, खरखरतं. मी बदलत नाही. सकाळी बातम्या लावतो, आवाज वाढवत नेतो, आणि मध्यावर आलं की एका ठिकाणी खर्र होतं. तिथं मी बटण जरा धरून ठेवतो. आप्पांनी वाहिलेलं भस्म आहे ते. मग पुढं फिरवतो आणि बातम्या ऐकतो.